नेट गेलं? आधी दंड धरून वर चालत जा

उसाला पाणी सोडलंय आणि ते शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी दारं धरणारा माणूस मोटार खोलून बसत नाही. खोरं खांद्यावर टाकतो आणि दंडाच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, कडेनं वर चालायला लागतो. चालता चालता एक जागा अशी येते, की वरच्या अंगाला पाणी आहे आणि खालच्या अंगाला नाही. तिथंच खेकड्यानं बांध पोखरलेला असतो, नाहीतर कुणीतरी दारं मोडून पाणी आपल्याकडं वळवलेलं असतं.

घरातलं नेट बंद पडलं की नेमकं हेच करायचं. सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझी बरीच वर्षं गेली. दुकानात आलेल्या दहा जणांतले निम्मे तरी सांगायचे, ‘जरा काहीतरी करून बघितलं, आता काहीच चालेना.’ मूळ बिघाड पाच मिनिटांचा असायचा, ‘काहीतरी करून बघितलं’ निस्तरायला दोन तास जायचे. म्हणून हा लेख नव्या माणसासाठी. हत्यारं लागत नाहीत. एक कागद-पेन घ्या आणि काय बघितलं ते लिहीत चला.

पाणी कुठून कुठं येतं

कंपनीच्या केंद्रातून काचेची तार, म्हणजे फायबर, खांबाखांबावरून तुमच्या गल्लीत येते. तिथून दोऱ्यासारखी बारीक वायर घरात शिरते आणि एका डब्याला जोडलेली असते. याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राउटर, आमच्याकडं ‘वायफायचा डबा’. हा डबा दोन कामं करतो. काचेतून आलेल्या उजेडाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतो आणि तो संदेश घरातल्या फोन, टीव्ही, कॉम्प्युटरला वाटून देतो. काही घरांत या दोन कामांना दोन वेगळे डबे असतात. तुमच्याकडं किती आहेत ते आत्ताच बघून ठेवा. डब्यापासून पुढं कॉम्प्युटरपर्यंत एकतर लॅनची वायर असते किंवा वायफाय.

गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

विश्रामबागेतल्या एका काकूंचा फोन आला. ‘अरे, फोनवर सगळं चालतंय. म्हणजे वायफाय चांगलंय, आमचा कॉम्प्युटरच बिघडलाय. येऊन बघ की जरा.’ गेलो. फोनवर चालत होतं खरं, पण मोबाइल डेटावर. डब्याची पिन इस्त्रीसाठी काढली होती, ती परत लावायची राहिली होती. वायफाय गेलं की फोन गपचूप सिमवरच्या नेटवर जातो, माणसाला पत्ता लागत नाही.

तेव्हा पहिली पायरी ही: फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि एखादी साइट उघडून बघा. फोनवर चाललं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर डब्यापर्यंत पाणी आलेलं आहे, घोटाळा डब्याच्या खाली. कशावरच चालत नसेल तर घोटाळा डब्यात किंवा त्याच्या वर. आणि एकच साइट उघडत नसेल, बाकी सगळं चालत असेल, तर तुमच्या घरात काही बिघडलेलं नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी निकालाची साइट अडकते, त्यात तुमच्या डब्याचा दोष नसतो.

डब्यावरचे दिवे

चालायला लागण्याआधी बांधावर उभं राहून एक नजर टाकावी, तसे हे दिवे. नावं सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखीच असतात.

पॉवर: हाच नसेल तर पुढचं सगळं फुकट. पिन, बोर्डावरचं बटण, मग अडॅप्टर. अडॅप्टर हा डब्यातला सगळ्यात दुबळा गडी. अर्धा मेलेला अडॅप्टर फार फसवतो, दिवा लावतो पण डबा दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन परत चालू होतो. नवा आणायचा तर जुना सोबत न्या. त्यावर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ च हवा, ९ चा नको. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पिनेची जाडीही जुळायला हवी.

पॉन: फायबरवरून कंपनीच्या यंत्राशी बोलणं झालं की हा स्थिर हिरवा होतो. मिचमिचत असेल तर बोलणं अजून जुळतंय किंवा जुळत नाहीये. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं वाट बघा.

लॉस: हा विझलेलाच बरा. लाल झाला, तर काचेतून उजेडच येत नाहीये. म्हणजे वर पंपच बंद. टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन सुटलेलं नसताना आपल्या शेतातला दंड कितीही साफ केला तरी पाणी येणार आहे का? लॉस लाल असेल तर कॉम्प्युटरला हातसुद्धा लावू नका. फक्त एवढं बघा: डब्यात शिरणारी बारीक वायर कपाटामागं चेपली किंवा काटकोनात दुमडली तर नाही ना? दाराच्या फटीत सापडली का? काच तीव्र वळण सहन करत नाही. मोठा गोल वळसा चालतो, घडी चालत नाही. त्या वायरीचं हिरवं किंवा निळं टोक उपसून त्यात डोळा घालून बघू नका. आतला प्रकाश लेझरचा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘काही दिसत नाही, म्हणजे बंदच असेल’ हा हिशेब चुकतो. टोकाला बोट लावलं तरी तेलकट डाग बसतो आणि उजेड अडतो.

इंटरनेट: पॉन स्थिर आहे, लॉस विझलेला आहे, पण हा दिवा लाल किंवा बंद आहे, तर वायर शाबूत आहे, कंपनी तुम्हाला आत घेत नाहीये. इथं आधी बिल आठवा. लाजू नका, पॅक संपलेला असणं हे माझ्या वहीत वरच्या पाचात आहे.

बंद-चालू करा, पण ते भोक सोडून

डबा बंद करून चालू करणं हा टिंगलीचा विषय झालाय, पण उपाय खरा आहे. डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच, महिनोन्महिने चालून त्याची स्मृती गुंतते. पॉवरची पिन काढा, पूर्ण एक मिनिट थांबा, परत लावा आणि पाच मिनिटं त्याच्याकडं बघत बसू नका. चहा टाका. दोन डबे असतील तर आधी फायबरचा चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग दुसरा.

डब्याच्या मागं किंवा खाली टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. त्यावर रीसेट लिहिलेलं असतं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. बऱ्याच जोडण्यांमध्ये कंपनीनं दिलेलं वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड त्या डब्यात भरलेला असतो, तोही पुसला जातो. मग लाइन चांगली, दिवे चांगले आणि नेट नाही. कंपनीचा माणूस येऊन ते परत भरेपर्यंत तुम्ही बसून राहणार. शनिवारी संध्याकाळी हे करून बसलेली घरं मी पाहिलीयत, सोमवारपर्यंत पोरांचे चेहरे बघवत नाहीत. बंद-चालू म्हणजे रीस्टार्ट, भोक म्हणजे रीसेट. हे दोन शब्द वेगळे ठेवा. फोनवर कुणी ‘रीसेट मारा’ म्हणालं तर विचारा, नक्की कोणतं?

डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत

वायर असेल तर दोन्ही टोकं काढून परत लावा, ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. प्लगची प्लॅस्टिकची जीभ तुटली असेल तर तो बसल्यासारखा दिसतो आणि झाडू लागला की निसटतो. वायर लावल्यावर डब्यावरच्या त्या खाच्याशेजारी दिवा लागायला हवा. नाही लागला तर डब्याचा दुसरा खाचा वापरून बघा, मग दुसरी वायर. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर आणि खाचा दोन्ही एकदम बदलले आणि चाललं, तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरची गोष्ट. प्लॅन सेकंदाला ३०० मेगाबिटचा घेतलेला, पण मोजलं की ९४ च्या वर जाईना. सकाळी ९४, रात्री ९४. कंपनीशी भांडून झालं होतं. हा आकडा इतका ठाम होता की मला लगेच वायरीचा संशय आला. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. एक हजारचा वेग आठही तारा धड असतील तरच मिळतो. एखादी तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं गुपचूप शंभरावर उतरतात, तिथं चारच तारा पुरतात. शंभरातले हिशेबठिशेब वजा जाऊन हातात पडतात साधारण ९४-९५. पोत्यांच्या थप्पीमागं उंदरानं वायर कुरतडली होती, वरून फक्त निळं कातडं सोललेलं दिसत होतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट या वाटेनं गेलात की ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथं १०००/१००० ऐवजी १००/१०० असेल तर आधी वायर बदला, भांडण नंतर.

वायफाय असेल तर खाली उजव्या कोपऱ्यातलं चिन्ह बघा. विमानाचं चित्र असेल तर एअरप्लेन मोड चालू झालाय, लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणाला चुकून बोट लागलेलं असतं. पृथ्वीचा गोळा दिसत असेल तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर कुणालाच जोडलेला नसतो. वायफायचं चिन्ह आहे पण नेट नाही असं म्हणतोय, तर डब्याला जोडलाय पण पुढं वाट नाही. मध्यंतरी पासवर्ड बदलला असेल तर जुनं नाव ‘फर्गेट’ करून नव्यानं जोडा. आणि आपण शेजाऱ्याच्या वायफायला तर जोडलेले नाही ना, हेही बघा. अपार्टमेंटमध्ये सारखी नावं असतात.

चार पिंग

इथं खरी मजा आहे. काळी खिडकी बघून लोक बिचकतात, पण यात काही मोडत नाही, आपण फक्त हाका मारतो. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजी अक्षरांत ‘सीएमडी’ टाइप करा आणि एंटर दाबा. पुढचंही सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचं.

आधी आयपीकॉन्फिग (आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी) लिहून एंटर दाबा. बरीच जंत्री येईल. त्यातल्या दोनच ओळी शोधा: ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ आणि ‘डीफॉल्ट गेटवे’. पहिला तुमच्या कॉम्प्युटरचा घरातला पत्ता, दुसरा डब्याचा. पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल तर बहुतेक घरांत ते ठीक. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर थांबा. डब्यानं पत्ता दिलाच नाही आणि कॉम्प्युटरनं स्वतःच काहीतरी लावून घेतलाय. वाढप्यानं ताट वाढलं नाही म्हणून रिकामी पत्रावळ पुढं घेऊन बसल्यासारखं. अशा वेळी वायर किंवा वायफायची जोडणी परत करा, डबा बंद-चालू करा आणि पत्ता बदलला का बघा.

आता हाका. प्रत्येक वेळी पिंग (पी, आय, एन, जी), मग एक जागा सोडून पत्ता.

पिंग १२७.०.०.१ ही स्वतःलाच मारलेली हाक. ही परत आली नाही तर कॉम्प्युटरमधलं नेटवर्कचं सॉफ्टवेअरच बिघडलंय. असं क्वचित होतं.

दुसरी हाक डब्याला. वर दिसलेला डीफॉल्ट गेटवेचा आकडा टाका, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. चार उत्तरं यायला हवीत. वायर असेल तर वेळ एखाद-दोन मिलिसेकंद, वायफायवर थोडा जास्त. चारपैकी दोनच आली, किंवा एक ३ आणि दुसरं ४०० असं आलं, तर वायफाय कमजोर आहे, कंपनीला दोष देऊ नका.

तिसरी हाक बाहेर: पिंग ८.८.८.८. हा गूगलचा सर्व्हर, २००९ पासून लोकांसाठी खुला आहे आणि लक्षात राहायला सोपा. दुसऱ्या हाकेला उत्तर आलं आणि याला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर पाणी डब्याच्या वर अडलंय. आता कंपनीला फोन करा.

चौथी हाक नावानं: पिंग गूगल.कॉम. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ येतं, तर रस्ता चांगला आहे, पत्ता विचारायचा माणूस जागेवर नाही.

काही यंत्रं मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा एखादीच हाक रिकामी गेली म्हणून घाबरू नका. पण या क्रमानं चारही मारल्या की कुठपर्यंत पाणी आहे ते डोळ्यांसमोर दिसतं. निकाल कागदावर लिहा.

पत्ता सांगणारा माणूस

आपण नाव टाइप करतो, यंत्रांना लागतो आकडा. नावाचा आकडा सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. कंपनीचा डीएनएस कधी झोपतो. अशा वेळी दुसऱ्याला विचारायचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमचं वायफाय किंवा इथरनेट, त्यात हार्डवेअर प्रॉपर्टीज, आणि ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ समोर एडिट. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल निवडा, आयपीव्ही४ चालू करा, पहिल्या जागी ८.८.८.८ आणि दुसऱ्या जागी १.१.१.१ भरा. हा दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ साली १ एप्रिलला सुरू झाला. तारीख एप्रिल फूलची, पण काम चोख करतो.

जुनी चुकीची उत्तरं कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, ती पुसायला काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून फ्लशडीएनएस (एफ, एल, यू, एस, एच, डी, एन, एस) असं लिहा. एका ओळीचं काम आहे.

घड्याळ बघितलं का?

चारही हाकांना उत्तर येतंय आणि तरी ब्राउझर प्रत्येक साइटवर ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असं लाल भडक बजावतोय? तासगावचे एक मामा याच तक्रारीनं सीपीयू पोत्यात बांधून घेऊन आले होते. द्राक्षबागेच्या अनुदानाचा अर्ज भरायचा होता, शेवटचे दोन दिवस राहिलेले. गावातल्या पोरानं अँटिव्हायरस काढून टाकला होता, ब्राउझर बदलला होता. मी चालू केला आणि कोपऱ्यात बघितलं: १ जानेवारी २०१२.

सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असतं आणि ब्राउझर ते कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१२ चं असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेलं दिसतं. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागं पळतं. आपल्याकडं लाइट जाते, त्यामुळं हा आजार आपल्याकडं लवकर उघडकीला येतो. सेल शंभराच्या आत मिळतो. तोवर ‘डेट अँड टाइम’ मध्ये जाऊन तारीख दुरुस्त करा आणि टाइम झोन भारताचा आहे ना ते बघा. मामांचा अर्ज त्याच दिवशी गेला, चहाही त्यांनीच पाजला.

चालतंय, पण रांगतंय

बंद पडलेलं सापडतं, रांगणारं छळतं. आधी आकड्यांचा घोळ मिटवा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाइल मेगाबाइटमध्ये उतरते, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. ४० चा प्लॅन असेल तर सेकंदाला ५ मेगाबाइट हा पूर्ण वेग झाला, फसवणूक नव्हे. वेग मोजताना लॅनची वायर लावून मोजा, बाकीचे फोन बंद ठेवून. वायरीवर पूर्ण मिळत असेल तर कंपनी सुटली.

मग उरतं वायफाय. डबा टीव्हीच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या मखराच्या मागं, वर लोखंडी कपाट, ही आपल्याकडची आवडती जागा, आणि सगळ्यात वाईट. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, नव्या घरातला सिमेंटचा स्लॅब, आरसा, पाण्याची टाकी, सगळं लहरी अडवतं. डबा घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळा ठेवा. त्यासाठी वायर दहा फूट वाढवायला लागली तरी करा.

डब्यावर दोन नावं दिसत असतील तर एक २.४ गिगाहर्ट्‌झचं, दुसरं ५ चं. २.४ लांब जातं, भिंत ओलांडतं, पण शेजारच्या दहा डब्यांची त्यावर गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो, भाजी गरम होईपर्यंत मीटिंग अडकते ती यामुळं. ५ वेगवान आहे पण दोन भिंतींत दमतं. कॉम्प्युटर त्याच खोलीत असेल तर ५, लांब असेल तर २.४. सगळ्यात चांगली वायर.

डब्याच्या सेटिंगमध्ये कोण कोण जोडलंय त्याची यादी असते, ती एकदा वाचा. पासवर्ड मोबाइल नंबरच ठेवला असेल तर यादी तुमच्या अपेक्षेपेक्षा लांब निघेल.

विंडोजचं शेवटचं औषध

फोनवर नेट चालतंय, वायर बदलून झाली, आणि कॉम्प्युटर काही केल्या ऐकत नाही. आधी व्हीपीएन, प्रॉक्सी (नेट दुसऱ्या वाटेनं फिरवणाऱ्या सोयी) आणि बाहेरचा अँटिव्हायरस बंद करून बघा. नाहीच जमलं तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. हे डब्याचं भोक नव्हे, फक्त कॉम्प्युटरमधल्या जोडण्या नव्यानं मांडल्या जातात. वायफायचे साठवलेले पासवर्ड मात्र जातात, ते आधी लिहून ठेवा.

वळीव आला की

एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी मिरजेकडून आभाळ काळं झालं, गडगडायला लागलं, की डब्याची पिन काढा आणि कॉम्प्युटरची लॅनची वायरही काढा. काच वीज वाहून नेत नाही, पण अडॅप्टर आणि लॅनची तांब्याची तार नेते. पहिल्या वळवानंतरच्या सकाळी दुकानात लॅनचे जळके खाचे घेऊन येणाऱ्यांची रांग लागायची. लाइट जाऊनही नेट चालावं म्हणून डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या, पण गडगडाटात तोही भिंतीतून काढा. नदीकाठच्या घरांनी डबा आणि बोर्ड शक्य तेवढा उंच बसवावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको.

कंपनीला फोन

फोन नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून घ्या. गूगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका, तिथं ठग बसलेले असतात. कंपनीचा माणूस तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा मागणारं अ‍ॅप टाकायला लावत असेल, ओटीपी मागत असेल किंवा दहा रुपये भरा म्हणत असेल, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सरकारच्या सायबर हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, उशीर करू नका.

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर पलीकडचा माणूस तुम्हाला पहिल्यापासून सगळं करायला लावणार. त्याऐवजी कागदावरचं वाचा: ‘लॉस विझलेला आहे, पॉन स्थिर आहे, गेटवेला पिंग जातं, ८.८.८.८ ला जात नाही, डबा एकदा बंद-चालू केलाय.’ आवाज लगेच बदलतो, मी अनुभवलंय. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्या. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार नीट सुटली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडं ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. अपिलात हा क्रमांक लागतोच.

मग शिडी घेऊन पोरगा येतो. त्याला पाणी द्या, आणि तो जायच्या आधी तीन गोष्टी करून घ्या. नव्या जोडाजवळ वायरीचा सैल वळसा ठेवायला सांगा, पुन्हा तुटली तर जोडायला वायर उरते. वायफायचं नाव-पासवर्ड त्यानं बदललं का विचारा. आणि त्याच्याजवळच्या छोट्या यंत्रानं फायबरची पॉवर किती येतेय ते मोजून आकडा सांगायला लावा. तो उणे असतो. उणे २० च्या आसपास असेल तर झकास, उणे २७ च्या पलीकडं गेला की डबा धापा टाकायला लागतो, दिवे हिरवे असले तरी.

हा आकडा मी मीटरच्या पेटीच्या दारावर आतून पेन्सिलीनं लिहून ठेवतो, तारखेसह. तिथं आत्ता तीन आहेत. उणे १९, उणे २१, आणि गेल्या पावसाळ्यानंतरचा उणे २५.